सोडतीत मिळालेला शेजारी



मागच्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या शेजारगटाची बैठक संपता संपता एक मावशी म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक आहे, पण आधी माझा जिना मोकळा करून द्या." काही जण हसले. मावशी हसल्या नाहीत. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. लिफ्ट तेव्हा कित्येक महिने बंद होती. संध्याकाळी साडेसातनंतर तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधल्या वळणावर त्यांच्या शेजारच्या खोलीतला गृहस्थ दोस्तांना घेऊन बाटली उघडून बसे. औषध आणायला उतरायचे तर मावशींना त्यांच्या पसरलेल्या पायांमधून वाट काढावी लागे. रात्री त्याच्या घरी मोठ्याने गाणी लागत, आणि कधी कधी गाण्यांच्या आड भांडणही. मावशींचा मुलगा परदेशातून फोनवर सांगत होता, "खोली भाड्याने दे आणि गावी जा." चाळीस वर्षे वस्तीत काढून मिळालेले पक्के घर त्या एका जिन्यापायी सोडायला निघाल्या होत्या.

हा पाठ त्या जिन्याविषयी आहे. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे आता म्हाडाच्या किंवा झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत राहतात, आणि असा शेजारी प्रत्येक इमारतीत एखादा तरी असतोच. त्याच्याशी वागायचे कसे, हे कोणी शिकवत नाही. मीही चुकतच शिकले.

प्रथम ही घरे समजून घेऊ. म्हाडा १९७७ साली आली. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ साली स्थापन झाले. त्या योजनेत सुरुवातीला २२५ चौरस फुटांची खोली मिळे, २००८ नंतर २६९ आणि २०१८ च्या विकास नियमावलीने ३०० चौरस फुटांची. रेल्वे रुळांलगतच्या आणि रस्तारुंदीत गेलेल्या झोपड्यांतील माणसे मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये नेली गेली. तिथे काही इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे. समोरच्या घरातला खोकला आपल्या घरात ऐकू येतो.

पण माझ्या मते खरा फरक खोलीच्या आकाराचा नाही. वस्तीत दार दिवसभर उघडे असे. कोण पिऊन आला, कोणाच्या घरात आवाज चढला, हे गल्लीला आपोआप कळे आणि गल्लीच ते निस्तरे. नळावरची एखादी आत्या "काय रे, काल काय तमाशा चालला होता?" असे चारचौघांत विचारी आणि भल्याभल्यांची मान खाली जाई. पुनर्वसनात खोल्या सोडतीने मिळतात. आत्या गेली 'बी' विंगच्या सातव्या मजल्यावर, पुतण्या आला 'डी' विंगच्या चौथ्यावर. मध्ये बंद दारे आणि अंधारा पॅसेज. जो माणूस गल्लीत आवाक्यात होता, तो इमारतीत मोकाट झाला. तो वाईट झाला असे नव्हे. त्याला हटकणारे डोळे तेवढे नाहीसे झाले.

घरमालक नावाचा कोणीही इथे नाही, हेही लक्षात घ्यावे. ब्रिटनमध्ये अशी घरे नगरपालिकेची किंवा गृहसंस्थेची असतात आणि रहिवासी त्यांचा भाडेकरू असतो. त्रास देणाऱ्या भाडेकरूविरुद्ध घरमालक म्हणून त्या संस्थेला न्यायालयात जाता येते. तिथे १९९८ साली समाजविघातक वर्तनासाठी खास मनाई आदेश आले आणि इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ च्या कायद्याने त्यांची जागा नव्या आदेशांनी घेतली. आपल्याकडे पुनर्वसनाची खोली रहिवाशाच्या नावे होते, सोसायटी नोंदली जाते आणि प्राधिकरण बाजूला होते. मग राहतो तो आपण आणि आपल्यातूनच निवडलेली समिती. तिचा चेअरमन बिचारा सकाळी सहाला कामावर जातो आणि रात्री नऊला परततो.

आता उपद्रव म्हणजे काय? हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा, कारण आपल्या बऱ्याच तक्रारी उपद्रवाच्या नसतातच. सव्वादोनशे फुटांत सहा माणसे राहिली की पाटा-वरवंटा वाजणार, मुले पॅसेजमध्ये धावणार, म्हातारा रात्रभर खोकणार, पहाटे पाण्याच्या वेळी बादल्या आपटणार. हे जगण्याचे आवाज आहेत. ते सोसायचे असतात, आणि आपले दुसऱ्याने सोसलेले असतात. कोणाच्या घरचा मासळीचा वास, कोणाची भाषा, कोणाचे सणवार यांना तर उपद्रव म्हणूच नये. आमच्या समितीकडे आलेल्या अर्जांत एक असा होता की अमुक घरी फार पाहुणे येतात. तो आम्ही परत केला.

दुसरा प्रकार बेपर्वाईचा. खिडकीतून घरगल्लीत कचरा फेकणे, जिन्यात थुंकणे, रात्री उशिरापर्यंत गाणी लावणे, पॅसेजमध्ये जुने कपाट ठेवून वाट अडवणे. इथे बोलून बऱ्याचदा काम होते. तिसरा प्रकार भीतीचा. धमकी, हात उचलणे, बायामुलींची वाट अडवणे, गच्चीवर गर्द ओढणे, खोलीत बेकायदा धंदा चालवणे. इथे एकट्यादुकट्याने बोलायला मुळीच जाऊ नये. आपल्यातले भले लोक नेमके उलटे करतात. कपाटासाठी पोलीस बोलावतात आणि धमकी मात्र मुकाट्याने गिळतात.

(गटात वाचत असाल तर इथे थांबून प्रत्येकाने आपल्या इमारतीतील एक तक्रार सांगावी आणि ती या तिन्हींपैकी कशात बसते ते इतरांनी ठरवावे. नाव घेऊ नये, मजलाही सांगू नये.)

आमच्या जिन्याचे प्रकरण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या सीमेवर होते, आणि सुरुवात आम्ही फार वाईट केली. मावशींनी सांगितले त्याच आठवड्यात समितीचे सहा जण रात्री अकरा वाजता त्याच्या दारावर गेले. मीही मागे उभी होते. तो प्यायलेला, आम्ही तापलेले. त्याची बायको दाराच्या फटीतून बघत होती, पलंगावरची दोन मुले उठून बसली होती. एकाने त्याच्या मुलांसमोर त्याला बेवडा म्हटले. दुसऱ्या दिवशी मावशींच्या दारात कचऱ्याची पिशवी उपडी केलेली होती. आम्ही सहा जण घरी जाऊन झोपलो आणि किंमत मोजली ती त्यांनी.

यातून मी दोन गोष्टी शिकले. प्यायलेल्या माणसाशी त्या रात्री बोलायचे नाही, आणि ज्याच्यासाठी बोलायचे त्याचे नाव तोंडातून काढायचे नाही. "मावशींची तक्रार आहे" असे म्हटले की त्याच्या लेखी मावशी शत्रू होतात. "मला जिन्यातून जाता येत नाही" असे मीच म्हटले असते तर ते खरेही होते आणि भार माझ्यावर आला असता.

त्यानंतर एका निवृत्त पोस्टमन काकांनी सुचवले, "आधी लिहून काढा." मुलांच्या शाळेची शंभर पानी वही घेतली. तारीख, वेळ, काय घडले, कोणी पाहिले, एवढेच लिहायचे. शिवी दिली असेल तर शिवी जशीच्या तशी लिहायची. 'नेहमीप्रमाणे' किंवा 'फारच' असे शब्द लिहायचे नाहीत. वही तीन घरांत फिरे, म्हणजे एकाच हस्ताक्षरावर सगळा भार पडू नये. महिनाअखेरीस आम्ही ती वाचली तेव्हा आमचेच डोळे उघडले. सगळे "रोज रोज" म्हणत होते, पण वहीत नऊ रात्री होत्या. त्यांतल्या सात शनिवारच्या किंवा पगाराच्या आसपासच्या होत्या. दोस्तांपैकी दोघे आमच्या इमारतीतले नव्हतेच. आणि घरातले भांडण ज्या रात्री ऐकू आले, त्या सगळ्या रात्री तो जिन्यात बसलेला होता. वहीने त्याचा गुन्हा कमी केला नाही, पण त्याला आकार दिला. 'रोजच्या त्रासा'ला उत्तर नसते. शनिवारच्या त्रासाला असू शकते.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील क्रम आपल्याला ठाऊक आहे: आधी एकट्याने, मग दोघातिघांना घेऊन, आणि नंतरच सर्वांसमोर. आम्ही नेमके शेवटापासून सुरुवात केली होती. मग पोस्टमन काका एका रविवारी सकाळी, तो दूध आणायला निघाला असताना, त्याच्याबरोबर नाक्यापर्यंत चालत गेले. काय बोलले ते त्यांनी सगळे सांगितले नाही. एवढेच सांगितले की त्याची फॅक्टरी बंद पडली होती, तो रोजंदारीवर होता, आणि घरात बसायला जागा नाही म्हणून जिन्यात बसतो असे त्याचे म्हणणे होते. जागा नाही हे खरे होते. पण म्हणून जिना त्याचा होत नाही, हेही काकांनी त्याला सांगितले. गाणी दहानंतर बंद करायचे त्याने कबूल केले. जिन्याचे मात्र उडवून लावले.

मग सोसायटी. इथे थोडी माहिती हवी, कारण कोणालाच नियम ठाऊक नसतात आणि जो मोठ्याने बोलतो तो नियम ठरवतो. आपल्या सोसायट्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात आणि त्यांचे उपविधी छापील मिळतात. इतर सभासदांना त्रास, गैरसोय वा उपद्रव होईल असे काही सभासदाने करू नये, हे त्यांत स्पष्ट आहे. तक्रार लेखी द्यायची, पोच घ्यायची, समितीने पुढच्या सभेत ती विचारात घ्यायची आणि निर्णय तक्रारदाराला कळवायचा, अशी रीत आहे. कोणती तक्रार कोणत्या दारी न्यायची हेही उपविधींत सांगितले आहे: धमकी-मारहाण पोलिसांकडे, बेकायदा बांधकाम महापालिकेकडे, सोसायटीच्या कारभाराचे वाद निबंधकाकडे किंवा सहकार न्यायालयात. म्हाडा आणि झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सोसायट्यांसाठी स्वतंत्र निबंधक कार्यालये आहेत, तेव्हा चुकीच्या कार्यालयात खेटे घालू नयेत.

समितीने काय करू नये हे अधिक महत्त्वाचे. आमच्या सभेत एकजण उठून म्हणाला, "त्याचं पाणी तोडा, आठवड्यात सरळ येईल." टाळ्या पडल्या. पाणी वा वीज तोडण्याचा अधिकार समितीला नाही. त्याने उलट तक्रार केली असती तर गुन्हेगार आम्ही ठरलो असतो. शिवाय पाणी फक्त त्याचे तुटत नाही, दोन मुलांचेही तुटते. दुसरी सूचना होती की त्या घराशी कोणी बोलू नये, त्यांच्या मुलांना खेळायला घेऊ नये. जात किंवा समाजाच्या नावाने वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. इमारतीतला अबोला त्या कायद्यात बसो वा न बसो, त्याचा चटका बापाआधी मुलांना लागतो. तिसरी सूचना हकालपट्टीची. सभासदाला काढून टाकण्याची तरतूद आहे, पण त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, सर्वसाधारण सभेत तीन-चतुर्थांश बहुमत लागते आणि वर निबंधकाची मान्यता. घाईत ते होत नाही, आणि ते बरेच आहे.

सभेने शेवटी ठरवले ते अगदी साधे होते. वळणावर मोठा दिवा लावला. खालचे दार रात्री साडेदहाला बंद करून किल्ली प्रत्येक घराला दिली. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढली. त्याला लेखी नोटीस दिली, सभ्य भाषेत, वहीतल्या तारखांसह. मावशींचे नाव कुठेही नव्हते. सही सेक्रेटरीची होती. बाटलीच्या बैठकीला अंधार आणि आडोसा लागतो, हे आम्हाला दिवा लावल्यावर कळले. बाहेरचे दोघे यायचे बंद झाले.

तरी गणपतीच्या सुमारास एका शनिवारी त्याने पोस्टमन काकांच्या छातीला हात लावून जिन्यावरून ढकलले. आता बोलण्याची वेळ संपली होती. आम्ही ११२ ला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे जण वही घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. पोलीस ठाण्याविषयी आपल्या मनात धास्ती असते, म्हणून जरा सविस्तर सांगते. अशा तक्रारीची बहुधा अदखलपात्र नोंद होते. पुष्कळांना वाटते की हा नुसता कागद. पण एकामागून एक अशा नोंदी झाल्या की पोलिसांना शांतता राखण्याच्या हमीपत्राची कारवाई करता येते. जुन्या कायद्यातले कलम १०७ म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतले कलम १२६. कार्यकारी दंडाधिकारी त्या माणसाकडून जास्तीत जास्त एक वर्षासाठी हमीपत्र लिहून घेऊ शकतात. तुरुंग नाही, पण डोक्यावर टांगलेली एक गोष्ट असते. म्हणून नोंदीची प्रत मागून घ्यावी आणि वहीत चिकटवावी.

ध्वनिक्षेपकाच्या आवाजाबाबत २००० सालचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा तो वाजवता येत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. तक्रार केली की आपले नाव त्या माणसापर्यंत पोहोचेल ही भीती खरी असते. कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातील रहिवाशांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की अशा तक्रारदाराची ओळख पोलिसांनी मागू नये आणि कळली तरी उघड करू नये. हे एका कागदावर लिहून ठेवावे आणि गरज पडल्यास ठाण्यात नम्रपणे सांगावे.

या सगळ्यात एक गोष्ट मला उशिरा दिसली, आणि तिची मला आजही खंत वाटते. वहीत आम्ही 'घरात भांडण' असे लिहीत होतो. ते भांडण नव्हते. त्याची बायको एकदा पंपाच्या खोलीपाशी माझ्यासमोर आली, ओढणी नीट करताना मनगट दिसले. मी विचारले. ती म्हणाली, "ताई, तुम्ही नोटीस दिली की तो घरात काढतो." आम्ही जिना मोकळा करत होतो आणि तो राग भिंतीपलीकडे जात होता. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानुसार शेजारीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर जबाबदारी येत नाही. स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील. हे मी तिला सांगितले. कधी आणि काय करायचे ते तिने ठरवायचे, एवढे मात्र पाळले. तिच्या परवानगीशिवाय दोन घरांनी एकच गोष्ट केली: आवाज चढला की दाराची बेल वाजवून साखर मागायची. बेल वाजली की हात थांबतो. नेहमी नाही, पण थांबतो.

शेजाऱ्याच्या वागण्यामागे आजार असू शकतो, हेही विसरू नये. रात्री भिंतीवर ठोकणारी, सगळे आपल्याविरुद्ध कट करतात म्हणणारी बाई उपद्रवी नसते, आजारी असते. तिच्या घरच्यांना १४४१६ हा मानसिक आरोग्याचा मोफत दूरध्वनी सांगावा. दारूसाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे गट आहेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. त्याला तिथे ढकलत नेता येत नाही, पण पत्ता खिशात असला तर एखाद्या सकाळी तो मागतो.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांचा प्रश्न आमच्या जिन्यापेक्षा फार मोठा होता, पण त्यांची रीत आम्हाला उपयोगी पडली: बीटच्या पोलिसाची आणि रहिवाशांची ओळख भांडणाच्या दिवशी होऊ नये, आधी असावी. आम्ही दिवाळीला बीट हवालदारांना फराळाला बोलावले. ते चौथ्या मजल्यापर्यंत चढून गेले, मावशींकडे चहा घेतला, आणि उतरताना शेजारच्या दारावर टकटक करून त्यालाही "काय, बरं आहे ना?" विचारून गेले.

तो माणूस सुधारला का? मला विचारतात. तो पितो. जिन्यात बसत नाही. नाक्यावर बसतो, तिथल्या लोकांना त्याचा त्रास होत असेल. हमीपत्राची मुदत अजून संपलेली नाही. बायको डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन माहेरी गेली होती, फेब्रुवारीत परत आली. आल्यावर तिने पहिल्यांदा स्वतः माझी बेल वाजवली आणि १८१ पुन्हा एकदा लिहून मागितला. पोस्टमन काकांचा गुडघा अजून दुखतो.

मावशींनी खोली भाड्याने दिली नाही. लिफ्ट चालू झाली आहे, पण संध्याकाळी त्या मुद्दाम जिन्यानेच उतरतात, वळणावरच्या दिव्याखाली क्षणभर टेकतात. परवा मी वर जात असताना त्या तिथे बसल्या होत्या आणि शेजारची धाकटी मुलगी त्यांना शाळेतला पाढा म्हणून दाखवत होती. सतराचा पाढा. आठच्या पुढे दोघीही अडल्या होत्या.